मागांच्या शहरात नाट्यशास्त्र

महाराष्ट्रात विद्यापीठीय नाट्यशिक्षणाचा विषय निघाला की दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुण्याचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची कलिन्यातली अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स अशी ठरावीक नावे निघतात. भिवंडीचे नाव कोणी घेत नाही आणि ते राहून गेले म्हणून कुणाला चुकल्यासारखेही वाटत नाही. भिवंडी म्हटले की यंत्रमाग, गोदामांच्या रांगा, वाहतुकीची कोंडी आणि १९७० व १९८४ च्या दंगली एवढेच बाहेरच्यांना आठवते. नाटकाचा पद्धतशीर अभ्यास ही पोटापाण्याची विवंचना संपलेल्या, हाकेच्या अंतरावर नाट्यगृहे असलेल्या शहरांची गोष्ट, असा यामागचा समज आहे. तो इतिहासाला धरून नाही. विद्यापीठात नाटक शिकवण्याची आपल्या देशातली पाऊणशे वर्षांची हकीकत नीट पाहिली तर उलटेच दिसते. जिथे व्यावसायिक रंगभूमी जोरात होती तिथे हा विषय उशिरा आला, आणि जिथे ती नव्हती किंवा जेमतेम होती तिथे तो आधी आला व मुळे धरून राहिला. त्या न्यायाने ठाणे जिल्ह्यात या शिक्षणावर पहिला हक्क भिवंडीचा ठरतो.

आधी सर्वात जुना आक्षेप घेऊ. नाटक शिकवून येत नाही, ते अंगात असावे लागते, असे आपल्याकडे फार वेळा म्हटले जाते. मराठी रंगभूमीने मात्र हे कधीच खरे मानले नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभे केले, ते माणसे जमवून आणि त्यांना शिकवूनच. पुढे किर्लोस्कर मंडळीत गोविंद बल्लाळ देवल नटांच्या तालमी घेत, आणि नाटककार देवलांइतकाच तालीममास्तर देवलांचाही दबदबा होता. वाक्यातला कुठला शब्द उचलायचा, कुठे थांबायचे, पदाची सुरावट संपता संपता गद्यावर कसे उतरायचे, हे मास्तर घोटून घेत. गावोगाव हिंडणाऱ्या कंपनीत लहान वयात दाखल झालेला मुलगा आधी मागच्या रांगेत उभा राही, मग एखाद्या दासीच्या किंवा शिपायाच्या भूमिकेत दोन वाक्ये बोले, आणि मोठ्यांची नाटके विंगेतून शेकडो वेळा पाहत मोठा होई. सकाळी गळा, दुपारी तालीम, रात्री प्रयोग असा दिवस. म्हणजे शिकवणे होतेच; ते कंपनीच्या बिऱ्हाडात होते आणि त्याला अभ्यासक्रम असे नाव नव्हते एवढेच. १९३१ साली ‘आलम आरा’ आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला. बोलपटांनी कंपन्यांचा प्रेक्षक ओढून नेला. १९३५ साली तर बालगंधर्व स्वतः प्रभातच्या ‘धर्मात्मा’त कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. कंपन्यांची बिऱ्हाडे मोडली, आणि आपण त्या काळाबद्दल हळहळताना गाणी आणि शालू आठवतो. त्या बिऱ्हाडांबरोबर दोन-तीन पिढ्यांची शिकवण्याची रीत मोडली, हे फारसे बोलले जात नाही. नाटक विद्यापीठात न्यावे लागले त्याचे खरे कारण इथे आहे. जे काम कंपनी करत होती ते करायला दुसरे घर उरले नव्हते.

जगात इतरत्रही विद्यापीठांनी हे काम सहजासहजी अंगावर घेतलेले नाही. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेने १९१४ साली नाटकाची पदवी सुरू केली. ज्या इंग्लंडच्या विद्यापीठांचा नमुना समोर ठेवून आपली विद्यापीठे घडली, त्या देशात पहिला नाट्यविभाग ब्रिस्टलला निघाला तो १९४७ साली. आपल्याकडे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० साली नाट्यशिक्षण सुरू झाले, ब्रिस्टलनंतर अवघ्या तीन वर्षांनी. या बाबतीत आपण मागासलेले होतो असे म्हणायला जागा नाही. मागे राहिले ते मुंबई विद्यापीठ. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात नाटक होते, पण ते छापील पुस्तक म्हणून. शेक्सपिअर वाचायचा, उताऱ्यांचे संदर्भासहित स्पष्टीकरण लिहायचे, परीक्षा द्यायची. मराठी भाषेलाच एम. ए. च्या परीक्षेत शिरायला न्यायमूर्ती रानड्यांसारख्याची खटपट आणि विसाव्या शतकाचा उंबरठा लागला. तिथे मराठी नाटकाच्या प्रयोगाला कोण विचारतो? तरीही त्या महाविद्यालयीन वर्गांतूनच आगरकरांचे ‘विकारविलसित’ आणि वासुदेव बाळकृष्ण केळकरांची ‘त्राटिका’ मराठीत आली. ही प्राध्यापक मंडळी वर्गात शेक्सपिअर शिकवत आणि वर्गाबाहेर तो मराठी नटांच्या तोंडी कसा बसेल याचा विचार करत. विद्यापीठाने मात्र वर्ग आणि रंगमंच यांच्यातली भिंत शंभरावर वर्षे तशीच ठेवली.

ती तशी राहण्यामागे आळस होता तसे एक सबळ कारणही होते, आणि ते समजून घेतल्याशिवाय भिवंडीचा प्रश्न कळणार नाही. मुंबईला विद्यापीठाच्या नाट्यविभागाची निकड कधी भासलीच नाही. गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघाची नाट्यशाखा होती. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात इब्राहिम अल्काझी मुंबईत नाटक करत आणि शिकवतही होते. विजया मेहता त्यांच्याकडे आणि आदी मर्झबानांकडे शिकल्या, आणि १९६० साली ‘रंगायन’ उभे राहिले. १९५४ पासून राज्य नाट्य स्पर्धा होती. नंतर आयएनटीची आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा आली, जशी पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक स्पर्धा आहे. ज्याला शिकायचे त्याने एखाद्या संस्थेत जावे, सतरंज्या उचलाव्यात, तालमी पाहाव्यात आणि शिकावे, अशी सोय शहरातच होती. ही सोय उत्तम होती. पण ती कुणाची होती? संध्याकाळी सहाला ऑफिस सुटल्यावर चालत तालमीला पोचू शकणाऱ्याची. गिरगाव, दादर, पार्ले इथल्या पांढरपेशा घरांतल्या मुलामुलींची. संस्थेचे दार कुणाला बंद नव्हते हे खरे, तरी ते दार कुठल्या गल्लीत आहे यावरच आत कोण येणार हे ठरत होते. विद्यापीठाला ही गोष्ट दिसायला हवी होती, कारण महाविद्यालयांचे जाळे त्याच्या हाती होते आणि ते जाळे भिवंडी, वाडा, शहापूरपर्यंत पोचलेले होते.

आता नाट्यविभाग निघाले ती गावे पाहू. बडोद्यात सयाजीरावांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती संगीतशाळा दिली होती. तिच्या पायावर झालेल्या महाविद्यालयात चंद्रवदन मेहतांच्या आग्रहाने नाटक आले. बडोदे हे कलाप्रेमी संस्थान होते, पण व्यावसायिक नाटकाची पेठ मुंबई-अहमदाबाद होती. दिल्लीत १९५९ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झाले तेव्हा हिंदी व्यावसायिक रंगभूमी दिल्लीत जवळजवळ नव्हतीच. चंडीगडला पंजाब विद्यापीठात बलवंत गार्गींनी १९७२ साली विभाग काढला. केरळात जी. शंकर पिळ्ळै यांच्या पुढाकाराने कालिकत विद्यापीठाचे स्कूल ऑफ ड्रामा १९७७ साली उभे राहिले ते त्रिशूरला. कर्नाटकात तर शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडू नावाच्या खेड्यात, सुपारीच्या बागांमध्ये, के. व्ही. सुब्बण्णांच्या ‘नीनासम’ने १९८० साली नाट्यशाळा सुरू केली, आणि तिथून बाहेर पडलेली ‘तिरुगाट’ ही फिरती मंडळी दरवर्षी कर्नाटकभर प्रयोग करत हिंडते. या क्रमाला कोलकाता हा अपवाद आहे. तिथे भरभराटीची रंगभूमी असूनही रवींद्र भारती विद्यापीठात १९६२ पासून नाटक शिकवले जाऊ लागले. ते विद्यापीठच रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीनिमित्त कलांसाठी निघाले होते, म्हणून तसे घडले. बाकीच्या ठिकाणी गोष्ट एकच आहे: नाटकाची भूक होती, ती भागवणारी पेठ नव्हती, आणि कुणीतरी हट्टाने वर्ग उघडला.

महाराष्ट्रात याचा सर्वात ठसठशीत दाखला औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा. तिथल्या नाट्यविभागाची गोष्ट सत्तरच्या दशकात कमलाकर सोनटक्क्यांनी मराठवाडा विद्यापीठात तो सुरू केला तिथून सांगतात, पण तिची पूर्वपीठिका वीस वर्षे आधीची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तिथे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. त्याच्या स्नेहसंमेलनासाठी प्राचार्य म. भि. चिटणीसांनी १९५५ साली ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. स्नेहसंमेलनातले नाटक म्हणजे टिंगलटवाळीचा फार्स, असा तेव्हाचा सर्रास रिवाज. या महाविद्यालयातली मुले मात्र अस्पृश्यतेचा हजारो वर्षांचा प्रवास रंगमंचावर मांडत होती, आणि भूमिका करणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी महाविद्यालयाची पायरी चढले होते. बाबासाहेबांसमोर त्याचा प्रयोग झाला, आणि १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी लाखोंच्या जनसमुदायापुढे ते पुन्हा झाले. दलित रंगभूमीचा इतिहास लिहिणारे या नाटकापासून सुरुवात करतात ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. महाविद्यालय ही जागा नवशिक्षित समाजाला पहिला रंगमंच देऊ शकते. व्यावसायिक नाट्यसृष्टीने तो दिला असता तर कदाचित आणखी तीस वर्षांनी.

पुढे विद्यापीठाच्या त्या विभागाने मराठवाड्याच्या बोलीला रंगमंचावर ताठ मानेने उभे केले. विभागात शिकवणाऱ्या लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने बावन्न व्यक्तिरेखा उभ्या केल्या. खांद्यावरचा एक पंचा, तो डोक्यावर गेला की म्हातारी, कमरेला आला की गडी, हातात लोंबला की वरमाय. हे निव्वळ नकला करण्याचे कसब नव्हते. कुठल्या वयाचा माणूस वजन कुठल्या पायावर देतो, परभणीकडचा सूर आणि बीडकडचा सूर कुठे वेगळा पडतो, एका पात्रातून दुसऱ्यात जाताना नजर किती अंशांनी वळवायची, याचा अभ्यास त्यामागे होता, आणि तो अभ्यास वर्गात इतरांना देण्यासारखा होता. ‘जिगीषा’सारखी संस्था याच शहरात घडली आणि मग मुंबईत येऊन तिने व्यावसायिक रंगभूमीला चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांची नाटके दिली. मुंबईने मराठवाड्याला नाटक शिकवले नाही. मराठवाड्याने मुंबईला माणसे दिली. मुंबई विद्यापीठाने अखेर २००३ साली अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स सुरू केली तेव्हा ती उभारायला बोलावले वामन केंद्रे यांना, म्हणजे बीड जिल्ह्यातून आलेल्या, ‘झुलवा’ करून गाजलेल्या दिग्दर्शकाला. त्याच सुमारास प्रकाश खांडग्यांच्या पुढाकाराने लोककला अकादमीही आली. १८५७ ते २००३ म्हणजे एकशे सेहेचाळीस वर्षे. आणि इतक्या उशिरा आलेले हे शिक्षण आले तेही कलिन्याला.

इथे भिवंडीकडे वळतो. २०११ च्या जनगणनेत सात लाखांवर वस्ती असलेले हे शहर म्हणजे वेगवेगळ्या लाटांनी आलेल्या माणसांचे थर आहेत. खाडीकाठचे जुने कोकणी मुसलमान, भोवतालच्या गावांतले आगरी, कुणबी, वारली. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेतून आलेले मोमीन विणकर. मग माग चालवायला उत्तर प्रदेश-बिहारमधून येत राहिलेले मजूर, आणि पद्मनगरात वसलेले तेलुगू पद्मशाली. उर्दू, मराठी, तेलुगू, भोजपुरी, आगरी बोली, सगळे एका महापालिकेच्या हद्दीत. कारखान्यात शिरले की मागांचा खडखडाट इतका असतो की शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. बारा-बारा तासांच्या पाळीत एक कामगार एकावेळी अनेक मागांवर लक्ष ठेवतो, तुटलेला धागा दिसला की माग थांबवून गाठ मारतो, कांडी संपली की बदलतो. मालकाला, जॉबरला, शेजारच्याला काही सांगायचे तर हाताच्या खुणा आणि ओठांची हालचाल. या माणसांना अंगाने बोलायची सवय आहे, आणि कारखान्याबाहेर हेच शहर मुशायऱ्यांना रात्र रात्र बसते, शेर म्हणणाऱ्याच्या दुसऱ्या मिसऱ्याची वाट पाहत श्वास रोखते. आगरी लग्नात धवळारीण धवळे गाते, ती विधी चालवते, कथा सांगते, माणसांना रडवते आणि हसवते. वाचिक आणि आंगिक अभिनयाचा कच्चा माल म्हणतात तो या शहरात पडून आहे.

भिवंडीचा आणि भारतीय नाट्य-साहित्याचा एक धागा फार कमी लोकांना ठाऊक असतो. १९७० च्या मे महिन्यातल्या दंगलीनंतर बलराज साहनी भिवंडीत आले, त्यांच्यासोबत धाकटे भाऊ भीष्म साहनीही होते. जळलेली घरे आणि बंद पडलेले माग पाहून भीष्मजींना १९४७ चे रावळपिंडी आठवले, आणि त्या आठवणीतून ‘तमस’ ही कादंबरी लिहिली गेली. हे त्यांनीच आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. ‘तमस’ला १९७५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, १९८८ साली गोविंद निहलानींनी ती दूरदर्शनवर आणली. याच लेखकाने पुढे ‘कबिरा खडा बाजार में’ हे नाटक लिहिले. विणकर कबीराचे नाटक, विणकरांच्या जळलेल्या शहरात हादरून गेलेल्या लेखकाने लिहिलेले. ते देशभरच्या नाट्यविभागांत बसवले गेले आहे. ज्या शहरातून ही वाट सुरू झाली तिथल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला ते नाटक अभ्यासायला कुठला वर्ग आहे? बी. एन. एन. महाविद्यालय आहे, मोमीन महिला महाविद्यालय आहे. ती मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, तिथे भाषांच्या अभ्यासात नाटक वाचायला मिळते. म्हणजे भिवंडीचा विद्यार्थी आजही थेट एकोणिसाव्या शतकातल्या विद्यापीठात बसला आहे, जिथे नाटक हे पुस्तक असते.

यावर सहज म्हटले जाईल की युवक महोत्सव आहेत, एकांकिका स्पर्धा आहेत, आणखी काय हवे? स्पर्धांनी मराठी रंगभूमीला खूप दिले, हे कोण नाकारेल. पण स्पर्धेचे गणित वेगळे. महिना-दीड महिना आधी बाहेरून दिग्दर्शक आणायचा, तो संहिता घेऊन येतो, मुलांकडून चाळीस मिनिटे पाठ करून घेतो, प्रकाशयोजना त्याचा माणूस करतो, निकाल लागतो आणि सगळे पांगतात. पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून. ज्या महाविद्यालयाकडे पैसा आणि ओळखी आहेत त्याला चांगला दिग्दर्शक मिळतो. भिवंडीसारख्या ठिकाणच्या संघाला प्राथमिक फेरीपलीकडे जाणे अवघड होते, यात त्या मुलांच्या गुणवत्तेचा दोष नाही. वर्ग असेल तर शिकलेले साठत जाते. भरताच्या नाट्यशास्त्रातला मध्यम विकृष्ट नाट्यमंडप खडूने पटांगणात आखून बघितला, चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद, अर्धा प्रेक्षकांचा आणि अर्धा रंगमंच-नेपथ्याचा, आणि मग त्याच्या एका टोकाला उभे राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाशी बोलून बघितले, की भरताने याहून मोठा मंडप का नको म्हटले ते मुलांना कानाने कळते. हे ज्ञान स्पर्धेच्या घाईत कुणी देत नाही.

गुण असून शिक्षण नसेल तर काय होते, ते दुसऱ्या एका मागांच्या शहराने दाखवले आहे. मालेगावात शेख नासिरने यंत्रमागांवर काम करणाऱ्या पोरांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला, आणि नंतर माग चालवणाऱ्या शफीकला सुपरमॅन केले. ती कथा माहितीपटातून आणि अलीकडे हिंदी चित्रपटातून जगभर पोचली. लोकांनी तिचे कौतुक केले ते जिद्दीचे म्हणून. मला त्यात जिद्दीइतकीच एक खंतही दिसते. कॅमेरा हलवायला सायकल, पाठीमागून ओढायला दोर, हे सगळे या मंडळींनी स्वतः शोधले, कारण शिकवायला कुणी नव्हते. जे शंभर वर्षांपूर्वी शोधून झाले होते ते त्यांनी पुन्हा आपल्या रक्ताघामाने शोधले. यात त्यांचा मोठेपणा आहे आणि आपल्या विद्यापीठांची नामुष्की.

भिवंडीत भाषा कोणती ठेवायची, हा पुढचा आक्षेप. उर्दूत शिकवावे तर मराठी मुले तुटतील, मराठीत शिकवावे तर मोमीन मोहल्ला तुटेल. इतिहास इथे भिवंडीच्या बाजूने उभा आहे. ज्या विष्णुदास भाव्यांना आपण मराठी रंगभूमीचे जनक म्हणतो, त्यांनीच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मुंबईत ‘गोपीचंद’चे प्रयोग हिंदुस्तानीत केले. पारशी मंडळ्यांनी गुजराती, उर्दू, हिंदुस्तानी एकाच मंचावर चालवल्या आणि आगा हश्र काश्मिरींसारखा उर्दू नाटककार त्यांतून मोठा झाला. शाहीर अमर शेख हे बार्शीचे मेहबूब पटेल; अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर त्यांनी गिरणगावात जे उभे केले ते कुणाच्या एका जातिधर्माचे नव्हते. या प्रांतात नाटक एकभाषी नव्हते, ते तसे आपण नंतर करून घेतले. एक प्रवेश मराठीत वाचायचा, तोच उर्दूत करून पाहायचा, मग तेलुगू घरातल्या मुलीने तो आपल्या आईच्या भाषेत बोलून दाखवायचा, हा अभ्यास कलिन्यात कष्टाने घडवावा लागेल. भिवंडीच्या वर्गात तो हजेरीपटावरच हजर असेल.

काहींना वाटते की हे शहर संवेदनशील आहे, नाटकाने भावना दुखावतील, नसते झेंगट कशाला. भिवंडीच्या दंगलींचा इतिहास मी हलका करत नाही. १९७० च्या दंगलीवर न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल आहे आणि १९८४ च्या मेमध्ये शहर पुन्हा जळले. पण त्यानंतर काय झाले तेही सांगायला हवे. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या, दोन्ही समाजांची माणसे नियमित एका सतरंजीवर बसू लागली, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तिथे जे साधले ते गप्प बसण्यातून साधले नाही, समोरासमोर बोलण्यातून साधले. नाटकाने दंगली थांबतात असा भाबडा दावा मी करणार नाही. पण दुसऱ्याचे म्हणणे त्याच्या सुरात, त्याच्या कारणांसकट, आपल्या तोंडून बोलून पाहणे हे नाट्यशिक्षणाचे पहिल्या वर्षाचे काम असते, आणि त्या कामाला घाबरण्यासारखे या शहरात काही उरलेले नाही, हे त्याने स्वतःच सिद्ध केले आहे.

सर्वात खरा आक्षेप पोटाचा. मंदीत माग भंगारात निघत असताना घरातल्या मुलाने नाटकाची पदवी घेऊन करायचे काय? यात तथ्य आहे आणि ते टाळून चालणार नाही. नट म्हणून पोट भरणारे थोडेच असतात. जगातल्या कुठल्याही नाट्यशाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी बहुतेक जण नट होत नाहीत. मात्र प्रकाश, ध्वनी, नेपथ्य, वेशभूषा, रंगमंच व्यवस्थापन ही कारागिरीची कामे आहेत, आणि मुंबईच्या चित्रपट-मालिका-जाहिरातींच्या धंद्याला ती माणसे रोज लागतात. नेट परीक्षेत नाटक हा विषय आहे, म्हणजे शिकवण्याची वाट कायदेशीर उघडी आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शाळेत कला आणायची म्हटले आहे. ती कोण शिकवणार? कापडाच्या गावातल्या मुलीला वेशभूषेचा अभ्यास करताना कापडाचा पोत आणि पडणे समजावून सांगावे लागणार नाही, ही मिळकतीच्या दृष्टीनेही लहान गोष्ट नव्हे. उलट प्रश्न असा की वाणिज्य शाखेची पदवी घेऊन गोदामात पॅकिंगला लागणाऱ्या मुलाला कुणी विचारले होते का, या पदवीचे पुढे काय?

आणि कलिना फार दूर नाही, तिथे जावे, हे म्हणणारे बहुधा रात्री भिवंडीला परतलेले नसतात. भिवंडी रोड स्थानक वसई-दिवा मार्गावर आहे, जिथे गाड्या मोजक्याच. शहर ठाणे-कल्याणला रिक्षा आणि बसने जोडलेले आहे. तालमी संध्याकाळी सुरू होतात आणि रात्री लांबतात. मुलगी असेल तर प्रश्न तिथेच संपतो. मुंबई विद्यापीठाचा ठाणे उपपरिसर बाळकुमला आहे, आणि बाळकुमहून कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडी तालुका लागतो. शहरात महापालिकेचे मीनाताई ठाकरे नाट्यगृह आहे. जागा शोधायला फार लांब जावे लागत नाही. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाऐवजी आधी एका वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, दुपारच्या वेळात, महिला महाविद्यालयाच्या आवारात सुरू केला तरी पुष्कळ होईल. औरंगाबादही असेच लहान सुरू झाले असणार. पहिल्या तुकडीला पहिला प्रकल्प म्हणून तालुक्यातल्या वयस्क धवळारणींकडे पाठवावे, पद्मनगरातल्या आजोबांकडे, आणि उर्दू शाळांच्या जुन्या शिक्षकांकडे, ज्यांनी वर्षानुवर्षे स्नेहसंमेलनांत नाटके बसवली. त्यांच्याकडून ऐकलेले ध्वनिमुद्रित करून, लिहून घ्यावे, आणि वर्षाअखेरीस त्यातलेच काही रंगमंचावर करून दाखवावे, पहिल्या रांगेत ज्यांनी सांगितले त्यांनाच बसवून.